बंद खोली, उदबत्ती आणि 2,200 चा आकडा

मे महिन्यात नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या सदनिकेत एसी लावून आणि दारे-खिडक्या बंद करून झोपलो की सकाळी डोके जड होत असे. शेवटी उशाशी कार्बन डायऑक्साइड मोजणारे लहानसे यंत्र ठेवले, तेव्हा पहाटे त्यावर 2,200 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 2,200 भाग) आसपासचा आकडा दिसला. बाहेरच्या हवेत हे प्रमाण साधारण 420 असते, आणि खोलीसाठी 1,000 ची मर्यादा म्युनिकच्या पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने 1858 मध्येच सुचवली होती. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच हवा थंड करून फिरवत राहतो, हे ठाऊक असूनही पटायला मला हा आकडा पाहावा लागला.

खोली हवाबंद होती म्हणावे, तर तसेही नव्हते. एका वाऱ्याच्या संध्याकाळी उदबत्ती घेऊन भिंतीकडेने फिरलो. सरकत्या खिडकीची दोन तावदाने जिथे एकमेकांवर येतात, तिथला केसाळ ब्रश पार झिजला होता आणि सरळ वर जाणारा धूर तिथे येताच आडवा होत होता. एसीची तांब्याची नळी भिंतीतून जाते त्या भोकाभोवती तर करंगळी शिरेल एवढी फट होती. म्हणजे वारा सुटला की नको तेवढी हवा येणार, आणि रात्री वारा पडला की हवी तेव्हाच ती येणार नाही.

युरोपातील संशोधकांनी फटी बुजवण्याचा आग्रह धरला तो यासाठीच. दारात पंखा बसवून आत-बाहेर 50 पास्कलचा, म्हणजे पाण्याच्या अवघ्या 5 मिलिमीटर उंचीइतका, दाबफरक निर्माण करतात आणि तासाभरात घरातील हवा किती वेळा बदलते ते मोजतात. जर्मनीतल्या डार्मश्टाट येथे 1990-91 मध्ये उभ्या राहिलेल्या घरातून पुढे आलेल्या पॅसिव्ह हाउस या, अगदी कमी ऊर्जा लागणाऱ्या घरांच्या मानकात ही मर्यादा तासाला 0.6 वेळा आहे. अशा घरात ताजी हवा यंत्राने घेतात आणि बाहेर जाणाऱ्या हवेतील ऊब आत येणाऱ्या हवेला देतात.

हवा आत घेणारे ते यंत्र नाशिकला घ्यावे का, याचा हिशोब मी कागदावर मांडून पाहिला. माणशी ताशी 30 घनमीटर धरल्यास दोघांना 60 घनमीटर हवा लागते. भर दुपारी बाहेरची हवा आतल्यापेक्षा 10 अंशांनी गरम असली, तर ती थंड करण्याचा भार सुमारे 200 वॅट, आणि एसीला त्यासाठी लागणारी वीज 70 वॅटच्या आत-बाहेर, म्हणजे छताच्या एका जुन्या पंख्याएवढी. पावसाळ्यात दमटपणामुळे हा आकडा वाढेल, हे खरे. पण जर्मनीतल्या हिवाळ्यात आत 20 आणि बाहेर उणे 5 अंश असते, तेव्हा तिथे ते यंत्र परवडते. आपल्याकडे मेमध्येही पहाटे बाहेरची हवा एसीच्या 26 अंशांपेक्षा गार असते, तिथे कोणती ऊब-थंडी वाचवायची?

म्हणून यंत्र घेतले नाही. नळीभोवतीची फट सिलिकॉनने बुजवली, खिडकीचे ब्रश बदलून घेतले आणि न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखा मंद गतीने रात्रभर चालू ठेवून समोरची खिडकी चार बोटे उघडी ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे उशाशी ठेवलेल्या मोजणीच्या यंत्रावर 900 च्या खालचा आकडा होता. पंख्याची घरघर मात्र काकांना अजून सहन होत नाही. पाहुणे म्हणून आले की ते तो बंद करतात आणि खिडकी सताड उघडून झोपतात.