पाच आयपी, पण लाईन एकच

आमच्या ऑफिसची लीज लाईन 20 एमबीपीएसची, सोबत स्लॅश 29 चा ब्लॉक (सलग पब्लिक आयपी पत्त्यांचा गट). म्हणजे पत्ते 8, पहिला आणि शेवटचा वापरता येत नाही, एक प्रोव्हायडरच्या गेटवेला जातो, हातात उरतात 5. ते मी लिनक्स राउटरवर वाटून टाकले: ऑफिसचं नॅट (सगळ्या पीसींना एकाच पत्त्यामागून बाहेर नेणारं), फोनचं एक्सचेंज, वेबसर्व्हर, व्हीपीएन आणि बॅकअप. तरी रोज संध्याकाळी सातला बॅकअप सुरू झाला की फोनवर आवाज तुटायचा, पिंग (पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ) 30 वरून 900 मिलिसेकंदावर जायचा, आणि अकाउंट्सच्या ताई येऊन सांगायच्या की क्लायंटला एकच आकडा तीनदा सांगावा लागतोय. मला कळेना, बॅकअपला तर आयपी वेगळा दिलाय ना!

इथेच सगळी गोम आहे. पत्ता वेगळा म्हणून रस्ता वेगळा होत नाही. ईटीएच झीरोवर (राउटरच्या बाहेरच्या नेटवर्क कार्डावर) पाच पत्ते टाका नाहीतर पन्नास, कार्ड एकच आणि पॅकेटची रांगही एकच, त्यामुळे शेपिंगसुद्धा (कुणाला किती वेग ते ठरवणं) एकाच झाडात (एका मुळाखालच्या फांद्यांत) करावं लागतं, प्रत्येक पत्त्याचं वेगळं झाड लावून चालत नाही.

मग टीसी या लिनक्सच्या ट्रॅफिक आवरणाऱ्या कमांडने एचटीबी लावलं, म्हणजे एकूण वेग क्लासमध्ये वाटून देणारी रांग. वरचा क्लास मुद्दाम 19 एमबिटचा, कारण रांग आपल्या राउटरवर लागली तरच ती आपल्या ताब्यात राहते, प्रोव्हायडरच्या डब्यात लागली की संपलं. खाली हमीचा वेग ऑफिसला 7, वेबसर्व्हरला 4, व्हीपीएनला 4, फोनला 2, बॅकअपला 2, बेरीज बरोबर 19. सील (कमाल मर्यादा) मात्र सगळ्यांना 19, म्हणजे शेजारी वापरत नसेल तर त्याचं उसनं घ्यायचं आणि त्याला लागलं की सोडायचं. प्रायॉरिटी फोनला पहिली, बॅकअपला शेवटची. प्रत्येक क्लासखाली एफक्यू कोडेल (रांग लांबू न देणारी पद्धत), आणि डिफॉल्ट क्लास आठवणीने द्यायचा, नाहीतर कुठल्याच फिल्टरला (पॅकेट कुठल्या क्लासात जायचं ते ठरवणाऱ्या नियमाला) न लागलेलं पॅकेट मर्यादा न पाळता सरळ निघून जातं.

एवढं करूनही पहिल्या दिवशी काहीच फरक पडला नाही! दोन तास फिल्टर तपासत बसलो, शेवटी क्लासचे आकडे काढले तर वरच्या क्लासचा रेट दिसतोय 152 एमबिट. मी 19 एमबीपीएस लिहिलं होतं आणि टीसीच्या भाषेत एमबीपीएस म्हणजे मेगाबाइट, बिट नव्हे. तिथे एमबिट लिहायचं, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं म्हणून इथे ठळक सांगतोय.

दुसरी अडचण नॅटची. पोस्टराउटिंग (बाहेर पडताना पॅकेटचा पत्ता बदलण्याची पायरी) आधी होतं, पॅकेट टीसीकडे नंतर येतं, त्यामुळे वेबसर्व्हर, बॅकअप वगैरेंना पब्लिक आयपीवरून फिल्टर लावता येतो पण ऑफिसातले सगळे पीसी एकाच पत्त्यामागे लपतात. एखाद्या पीसीला वेगळं काढायचं असेल तर आयपीटेबल्सच्या (लिनक्सच्या फायरवॉलच्या) मँगल टेबलातल्या फॉरवर्ड साखळीत मार्क (खूण) लावा, तिथे आतला पत्ता अजून दिसतो, मग टीसीत त्या मार्कवर फिल्टर. डाउनलोड मी लॅनच्या कार्डावरच शेप करतो, तिथून बाहेर पडताना आतला पत्ता आपोआप दिसतो. फक्त राउटर स्वतःसाठी जे डाउनलोड करतो ते त्यात येत नाही, त्याला आयएफबी (आत येणारा ट्रॅफिक वळवून शेप करायचं आभासी कार्ड) लागतं, मी अजून लावलेलं नाही.

आता सातला बॅकअप सुरू असतो, ताई फोनवर असतात, पिंग 35 च्या आसपास. आणि रात्री ऑफिस रिकामं झालं की तोच बॅकअप जवळजवळ पूर्ण 19 घेतो.