पाव पायात संपणारा वाह

गणपतीच्या आदल्या आठवड्यात कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर पाय ठेवायला जागा नसते. त्यातच एका ऑर्केस्ट्राचा गिटारवाला प्रोसेसर (गिटारच्या आवाजाला इफेक्ट देणारी पेटी) आणि तो इफेक्ट पायानं कमी-जास्त करणारं एक्स्प्रेशन पेडल घेऊन आला. त्यावर तो वाह चालवायचा, म्हणजे गिटारला "वाव-वाव" बोलायला लावणारा इफेक्ट. "मामा, पाय जरा टेकवला की वाह एकदम वर जातोय. पुढं कितीबी दाबा, काय फरक न्हाई. संध्याकाळी गडहिंग्लजला कार्यक्रम आहे."

पावसाळ्यात बहुतेक पेडलं पॉटच्या, म्हणजे आतल्या फिरत्या रोधकाच्या, खराबीनं येतात, पण तेव्हा प्रोसेसरवरचा आकडा मध्येच थरथरतो किंवा उडी मारतो. इथं तसं नव्हतं. सुरुवातीला झपाट्यानं चढ आणि नंतर सपाट. हे दिसलं की मी पॉट उघडत नाही, आधी प्लगच्या कुठल्या संपर्कावर काय जोडलंय ते बघतो. स्टिरिओ प्लगला असे तीन संपर्क: टोकाला टिप, मधे रिंग, मागे स्लीव्ह म्हणजे ग्राउंड. पेडल कीबोर्डवाल्याचं, उसनं आणलेलं निघालं. तिथंच निम्मं उत्तर मिळालं.

रोलँड-बॉसच्या पद्धतीत पॉटचा वायपर, म्हणजे सरकणारा संपर्क, प्लगच्या टिपवर असतो आणि रिंगवर प्रोसेसरकडून व्होल्टेज येतं. यामाहा-कॉर्गच्या पद्धतीत हे नेमकं उलट. ओळखायला मल्टीमीटर पुरतो. तीन संपर्कांच्या जोड्या मोजायच्या. पेडल हलवूनही जिचा आकडा बदलत नाही ती पॉटची दोन टोकं, उरलेला वायपर. इथं टिप आणि स्लीव्हमध्ये 10 किलोओहम ठाम होते. म्हणजे वायपर रिंगवर, आणि प्रोसेसर मात्र रिंगवरच व्होल्टेज देणारा.

मग चढ असा का? प्रोसेसरच्या आत रिंगच्या वाटेत 1 किलोओहमचा रोधक होता. व्होल्टेज थेट वायपरवर गेलं की हा रोधक आणि पॉटचा खालचा भाग एवढ्यांतच वाटणी होते. पेडल 10 टक्के दाबलं तर खाली 1 किलोओहम, म्हणजे व्होल्टेज एकदम निम्मं. पाव पायाला 71 टक्के. पूर्ण दाबूनही 91, म्हणजे पुढच्या पाऊण प्रवासात उरतात जेमतेम 20. आणि टाच पूर्ण खाली असताना रिंग ग्राउंडला भिडते. तो रोधक नसता तर प्रोसेसरचा पुरवठाच शॉर्ट झाला असता. साधी मोनो गिटार केबल या जॅकला लावली तरी तिची लांब स्लीव्ह रिंगला ग्राउंडशी जोडते, म्हणून ती कधी लावू नये.

पोरानं तीनदा कॅलिब्रेशन, म्हणजे प्रोसेसरला पेडलची हद्द शिकवणं, केलं होतं. कॅलिब्रेशन दोन टोकं लक्षात ठेवतं, मधला बाक सरळ करत नाही.

दोन स्टिरिओ प्लग आणि दोन तारांची शील्ड केबल घेतली. एका बाजूला टिप-रिंग अदलाबदल, स्लीव्ह सरळ. पंधरा मिनिटांचं काम, त्यातली दहा मिनिटं सोल्डरिंग आयर्न तापवण्यात आणि चहात. लावल्यावर चढ सरळ झाला, पण पंजा पूर्ण दाबूनही आकडा 91 वरच. हा त्याच रोधकाचा वाटा. आता कॅलिब्रेशन केलं आणि 100 मिळाले.

जाता जाता प्रोसेसरच्या आतल्या इफेक्टच्या रांगेत त्याचा व्हॉल्यूम ब्लॉक डिलेच्या, म्हणजे प्रतिध्वनीच्या इफेक्टच्या, मागे दिसला. टाच खाली केली की डिलेची विरत जाणारी शेपूटही कापली जायची. तो डिलेच्या आधी सरकवून दिला, आणि डिलेच्या मिक्सला (मूळ आवाजात प्रतिध्वनी किती टक्के) पेडलची मर्यादा 10 ते 45 ठेवली. 100 वर मूळ गिटारच गायब होते.

केबलच्या दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळला. ऑर्केस्ट्राच्या पेटीत सगळ्या केबली सारख्याच दिसतात, आणि ही गिटारला लावली तर आवाजच येणार नाही.