डिजिटल ग्रँड पियानो घरी आणला आणि पहिला महिना फक्त बिघाड शोधत बसले

डिजिटल ग्रँड म्हणजे दिसायला ग्रँड पियानो, तसंच वक्राकार अंग, तसंच उघडणारं झाकण, तीन पाय, पण आत तारा नाहीत, सेन्सर आणि स्पीकर आहेत. ट्यूनरला बोलवायला नको, हेडफोन लावून रात्री वाजवता येतो, म्हणून मी तो घेतला. कुठेही वाचायला मिळालं नाही ते म्हणजे हा घरी आला की नवीन माणसाला दर दोन दिवसांनी वाटतं की आपल्याला खराब पीस मिळालाय. मला तरी वाटलं. सर्व्हिसवाल्या मुलाला मी इतके फोन केले की शेवटी शेवटी तो माझा आवाज ओळखून "हां मॅडम, आज काय?" असं म्हणायचा.

आधी जोडणी. ८० किलोच्या आसपासचं धूड आहे, एकट्यादुकट्याचं काम नाही. मी, नवरा, दीर आणि मुलगा असे चौघं होतो. मॅन्युअलप्रमाणे जाड रजई अंथरली, पट्ट्यांवरचं झाकण बंद करून पट्ट्यांची बाजू खाली धरून पियानो भिंतीला टेकवून उभा केला, मग पाय लावायचे. नवऱ्याने पहिल्या पायाचे चारही स्क्रू पान्याने गच्च आवळून टाकले, आणि दुसरा पाय लावायला घेतला तर त्याचं एक भोक जुळेना. पाव मिलिमीटर इकडे तिकडे असेल पण स्क्रू काही आत जाईना. दीर म्हणाला "अरे दादा, सगळे आधी हाताने फिरव, पाना शेवटी लाव", तेव्हा पहिला पाय परत ढिला केला, सगळे स्क्रू हातानेच अर्धे अर्धे बसवले आणि मग एकेक करून आवळले तर दहा मिनिटात काम झालं. आणि उचलताना खालच्या भक्कम चौकटीला धरा, झाकणाच्या पट्टीला नाही. उभा केल्यावर ढकलून जागेवर नेऊ नका, उचलूनच न्या, नाहीतर सगळा भार पायांच्या सांध्यांवर येतो. आम्ही वीतभर ढकलला आणि कर्र असा जो आवाज आला त्याने माझाच जीव कळवळला.

पेडलची चौकट मधे लटकते आणि तिची वायर वर जाऊन खालच्या बाजूच्या सॉकेटमधे बसते. पिना नाजूक असतात, बाणाची खूण बघून सरळ आत घालायची. हे आम्ही नीट केलं. तरी स्विच ऑन केला आणि पेडल उलटं चालायला लागलं, म्हणजे पाय काढला की आवाज लांबतोय आणि दाबला की तुटतोय! लगेच वायर काढा, लावा, परत काढा. शेवटी कळलं की चालू करताना माझा पाय आपसूक पेडलवर होता. चालू होतानाची स्थिती म्हणजे पेडल मोकळं, असं मशीन समजून बसतं. बंद केला, पाय जमिनीवर ठेवला, परत चालू केला, झालं. पहिला बिघाड माझ्या पायाचा निघाला.

दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की उजवीकडच्या शेवटच्या वीसेक पट्ट्या सोडल्या तरी वाजत राहतात. मधली पट्टी सोडली की आवाज गप, आणि ह्या मात्र टिंऽऽग करत हवेत विरतायत. म्हटलं सेन्सर गेले. फोन. मुलगा म्हणाला "खऱ्या पियानोतपण तसंच असतं मॅडम." आणि ते खरंच आहे, खऱ्या पियानोत पट्टी सोडली की नमद्याचा डँपर तारेवर पडून आवाज थांबवतो, पण अगदी वरच्या तारा इतक्या आखूड असतात की त्यांचा आवाज आपोआपच पटकन मरतो, म्हणून तिथे डँपर बसवतच नाहीत. डिजिटलवाल्यांनी ती गोष्टसुद्धा जशीच्या तशी उचललीय. मग डावीकडच्या पट्ट्या जड का लागतात, पट्टी अगदी हळू दाबली की तळाजवळ बारीकसा खटका का जाणवतो, ह्या माझ्या पुढच्या दोन्ही तक्रारींचं उत्तर तेच. खालच्या सुरांचे हातोडे जड असतात त्याची नक्कल, आणि हातोडा तारेवर आपटायच्या जरासा आधी सुटतो त्या क्षणाची नक्कल. पैसे आपण ह्याचेच दिलेले असतात, हे नंतर कळतं.

ट्यूनर अॅपवाली फजिती तर मी अजून कोणाला सांगितली नव्हती. फोनवर अॅप चालू करून एकेक पट्टी तपासत बसले. मधला ए बरोबर ४४० हर्ट्झ. पण जसजशी उजवीकडे जायला लागले तसतसा काटा शार्पकडे (चढ्या बाजूला) सरकायला लागला, शेवटच्या सप्तकात तर बराच, आणि डावीकडे टोकाला गेल्यावर उलटा, फ्लॅटकडे (उतरत्या बाजूला). म्हणजे ज्याला ट्यूनिंग लागत नाही म्हणून घेतला तोच बेसूर! पण तेही मुद्दाम. पोलादी तार ताठ असते त्यामुळे तिचे वरचे स्वरांश (मूळ सुरातच मिसळलेले उंच सूर) गणिताच्या हिशोबापेक्षा किंचित उंच वाजतात, आणि कानाला सप्तकं जुळल्यासारखी वाटावीत म्हणून ट्यूनर लोक ती थोडी ताणून लावतात, वरचे सूर जरा चढे, खालचे जरा उतरते. डिजिटलमधे भरलेले आवाजाचे नमुने अशाच लावलेल्या ग्रँडवरून रेकॉर्ड केलेले असले की तो ताण पण सोबत येतो. माझ्या पियानोत ते बंद करायची सेटिंग आहे. बंद करून ऐकलं, वरचे सूर एकदम मेलेले वाटले, परत चालू केलं.

खरी मजा पुढे आहे. साधारण दहाव्या दिवशी एका सुराला झुंई असा चरचरीत आवाज यायला लागला. डावीकडून चौदावी, काळी पट्टी. तेरावी स्वच्छ, पंधरावी स्वच्छ, आणि हिला मात्र कागद थरथरल्यासारखा आवाज. स्पीकर फाटला असंच ठरवलं मी. फोन केला, तर तो म्हणतो "मॅडम, हेडफोन लावून बघितलंत का?" लावून बघितलं तर आवाज स्वच्छ. म्हणजे मूळ सूर ठीक. मग त्याने जी युक्ती सांगितली ती मला भयंकर आवडली. ट्रान्सपोजने (सगळ्या पट्ट्यांचे सूर एकदम वरखाली सरकवायची सोय) पियानो अर्धा सूर वर करा आणि आता तेरावी पट्टी दाबा. दाबली आणि झुंई! आता तेरावी चरचरते आणि चौदावी साफ. म्हणजे दोष पट्टीचा नाहीच, तो त्या सुराचा आहे, ५८ हर्ट्झच्या आसपास घरातली कुठली तरी वस्तू थरथरतेय. "मग ती शोधा" म्हणून त्याने फोन ठेवला.

आता शोधायची कशी, तर मुलाला पट्टीवर बसवलं, पेडल दाबून तोच सूर धडाधड वाजव म्हटलं, आणि मी खोलीभर एकेका वस्तूवर तळहात ठेवत फिरतेय. पियानोचं झाकण, झाकणाची काठी, पुस्तकं ठेवायचा स्टँड, खिडकी, दिव्याचं काचेचं भांडं, भिंतीवरची फ्रेम. सासूबाई दारात येऊन बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत. शेवटी मागच्या पुस्तकांच्या कपाटाच्या सरकत्या काचेवर बोट ठेवलं आणि झुंई गायब. बोट उचललं, परत झुंई. एक व्हिजिटिंग कार्ड दुमडून काच आणि खोबणीच्या मधे खोचलं, आजतागायत तिथेच आहे. त्याच नादात आणखी एक कळलं की पियानो कोपऱ्यात घुसवला तर खालचे सूर घुमतात. तो भिंतीपासून हातभर पुढे ओढला (उचलून, ढकलून नाही!) आणि डाव्या हाताचा सगळा चिखल साफ झाला.

हेडफोनबद्दल दोनच गोष्टी. वायरलेस इअरफोन लावून वाजवायला जाऊ नका, पट्टी आत्ता दाबली आणि सूर मागून पाहुण्यासारखा येतो, लय धरताच येत नाही. पियानोत ब्लूटूथ आहे म्हणून मी हट्टाने जोडायचा प्रयत्न केला, पण ते ब्लूटूथ फोनवरचं गाणं पियानोच्या स्पीकरवर ऐकायला असतं, आणि दुसरं एक ब्लूटूथ अॅपशी मिडीने (कुठली पट्टी किती जोरात दाबली हे सांगायची वाद्यांची भाषा) बोलायला, दोघांचा संबंध नाही. साधा वायरचा घ्या, आणि जाड पिनेचं कन्व्हर्टर जवळ ठेवा कारण बऱ्याच पियानोंचं भोक ६.३५ मिलिमीटरचं असतं.

रात्री हेडफोन लावून दोन आठवडे खुशीत वाजवलं आणि एका सकाळी लिफ्टमधे खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "रात्री काय कुटत असता हो?" मी पार गार. पियानोचा आवाज त्यांना जातच नव्हता, जात होती ती पट्ट्यांची धपधप, प्रत्येक पट्टी तळावर आपटते तो दणका तीन पायांतून सरळ खालच्या छतात. पायांखाली जाड रबरी मॅटचे तुकडे टाकले, थोडा फरक पडला. पण खरं कारण वेगळंच होतं आणि तिथपर्यंत पोचायला मला अजून एक आठवडा लागला.

झालं असं की कॉम्प्युटरला यूएसबी लावून मी रेकॉर्डिंग करायला गेले. आधी प्रत्येक सूर डबल यायला लागला, एक पियानोचा आणि एक सॉफ्टवेअरचा किंचित उशिरा, त्यासाठी पियानोतलं लोकल कंट्रोल (पट्टी दाबली की पियानोचा स्वतःचा आवाज येणं) बंद करायचं आणि सॉफ्टवेअरचा बफर, म्हणजे आवाज काढायच्या आधी तो साठवून ठेवायची जागा, कमी करायचा. पण (आणि हे लिहून ठेवा) नंतर लोकल कंट्रोल परत चालू करायचं, नाहीतर संध्याकाळी पियानो मुका, आणि मग परत फोन. तर ते रेकॉर्डिंग बघताना प्रत्येक सुराचा जोर आकड्यात दिसतो. १९८३ मधे मिडी आलं तेव्हापासून तो १ ते १२७ असा मोजतात. माझी रात्रीची रेकॉर्डिंग बघितली तर सगळं ९५, १०५, ११०! हळू म्हणून वाजवलेली जागासुद्धा ९०. आणि दुपारची, स्पीकरवर वाजवलेली, ४० ते ७० च्या मधेच घुटमळतेय. बोटं तीच, धून तीच.

म्हणजे रात्री कोणाला त्रास नको म्हणून मी हेडफोनचा व्हॉल्यूम अगदी बारीक ठेवायचे, आवाज कानात पुरेसा येत नाही म्हणून नकळत पट्ट्या बडवायचे, आणि त्याच बडवण्याने काकांचं छत दणाणायचं. मनगट दुखत होतं तेही त्यामुळेच, मी उगाच बाकाच्या उंचीला दोष देत होते. उलट दुपारी व्हॉल्यूम मोठा असायचा त्यामुळे घाबरून बोटं वरवर फिरवायचे, आणि पियानोत जोरात दाबलेल्या सुराचा नुसता आवाज मोठा होत नाही तर त्याचा रंगच बदलतो, जास्त उजळ, धारदार होतो. मी त्या रंगापर्यंत पोचतच नव्हते आणि "हा पियानो मुसमुसल्यासारखा वाजतो" म्हणून ब्रिलियन्सचं, म्हणजे आवाजाच्या उजळपणाचं, सेटिंग वाढवत बसले होते. आता व्हॉल्यूम मधल्या खुणेच्या जरा पुढे, एकाच जागी, रात्री आणि दिवसा, त्याला हात लावायचा नाही. टच मी सॉफ्टवर (हलक्या दाबालाही मोठा आवाज) टाकला होता तो परत मीडियमवर आणला. पहिले चार दिवस पट्ट्या दगडासारख्या वाटल्या, मग सवय झाली. ब्रिलियन्स शून्यावर.

बाकी किरकोळ. वाजवलं नाही की अर्ध्या तासाने तो आपोआप बंद होतो, तो बिघाड नाही, सेटिंग आहे, मी बंद करून टाकलं. पेन ड्राइव्ह ओळखत नसेल तर तो पियानोतच फॉरमॅट करा (आधी त्यातलं सगळं दुसरीकडे काढून). झाकण पूर्ण उघडून वाजवलं तर आवाज मोकळा येतो पण आत धूळ जाते, मी अर्ध्यावर ठेवते आणि झोपताना बंद करते. मधलं पेडल फक्त त्या क्षणी दाबून धरलेले सूरच लांबवतं, मी ते अजून एकदाही कामासाठी वापरलेलं नाही, मुलगा पाहुण्यांना दाखवतो तेवढंच.

गेल्या आठवड्यात परत एक आवाज, कुईं असा, मुखड्याच्या शेवटी बरोबर एकाच ठिकाणी. ह्यावेळी मी शहाणी झालेय, फोन केला नाही. हेडफोन लावले, तरी आला. ट्रान्सपोज केलं, तरी त्याच ठिकाणी. पट्टी बदलली, तरी तेच. मग बोटं पट्ट्यांवरून उचलली आणि त्या जागेला जशी उजवीकडे झुकते तशी नुसतीच झुकले. कुईं. बाकाचा उजवा मागचा पाय. नवऱ्याला हाक मारली, "अहो, पाना आणा."