निवृत्त न होणारी पॉलिसी : इंट्रानेट सुधारतानाचा माझा अनुभव

आमच्या कंपनीच्या इंट्रानेटवर, म्हणजे फक्त कर्मचाऱ्यांसाठीच्या अंतर्गत वेबसाइटवर, ‘ट्रॅव्हल क्लेम’ असं शोधलं की सगळ्यात वर 2014 ची पॉलिसी यायची. 2022 ची, म्हणजे चालू असलेली, पहिल्या दोन पानांत कुठेच नसायची. लोक वरची उघडायचे, तिच्यातला फॉर्म भरून अकाउंट्सला पाठवायचे आणि अकाउंट्स तो परत पाठवायचं : ‘जुना फॉर्म आहे, नवीन भरा.’ नवीन कुठे मिळेल? इंट्रानेटवर! हे चक्र मी रुजू होण्याच्या आधीपासून चालू होतं. नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी बाजूला घेऊन सांगायचं, ‘इंट्रानेटवर शोधत बसू नकोस, सरळ अकाउंट्समध्ये जाऊन विचार.’

हे इंट्रानेट सुधारण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण एका मीटिंगमध्ये मी त्याबद्दल जरा जास्त बोलले.

होमपेज नवं झालं. अर्धा स्क्रीन खाणारा बॅनर गेला, वेगळा पासवर्ड गेला, मोबाईलवर पानं नीट उघडायला लागली. यातलं काहीच अडलं नाही, त्यामुळे सांगण्यासारखंही फारसं नाही. नव्या इंट्रानेटचा मेल सगळ्यांना गेला, वरून अभिनंदन आलं. चौथ्या दिवशी अकाउंट्सचा मेल आला : जुने फॉर्म अजून येताहेत. येरे माझ्या मागल्या.

सर्च असं का वागतो ते बघायला बसले, तेव्हा कारण हास्यास्पद निघालं. 2014 ची पॉलिसी वर्ड फाइल होती. तिच्यात मजकूर होता, ‘ट्रॅव्हल’ होतं, ‘क्लेम’ होतं. 2022 ची पॉलिसी मात्र रीतसर प्रिंट काढून, त्यावर तीन सह्या घेऊन, स्कॅन करून चढवलेली. म्हणजे माणसाच्या डोळ्यांना ती पॉलिसी, पण सर्चला नुसता फोटो. ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा शोधता येणारा मजकूर करणं, केलेलं नव्हतं. फाइलचं नाव ‘स्कॅन_0047’. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जी पॉलिसी जास्तीत जास्त अधिकृत करायची म्हणून इतकी धडपड केली, तीच त्या धडपडीमुळे अदृश्य झाली होती.

नवी पॉलिसी दिसती करणं सोपं होतं. एचआरकडून मूळ वर्ड फाइल मागवली, तिच्यातला मजकूर सरळ वेबपेजवर टाकला, खाली सह्यांची प्रत जोडली. एक दिवसाचं काम. पण जुनी वरून हटेना. तिच्या तर तीन प्रती होत्या, तीन वेगवेगळ्या विभागांच्या फोल्डरमध्ये, आणि वर्षानुवर्षं लोकांनी त्याच उघडल्यामुळे सर्चच्या लेखी त्याच लोकप्रिय. तिथे माझं घोडं अडलं.

मी म्हटलं, डिलीट करू. कोणी तरी म्हणालं, तसं करता येत नाही, त्यासाठी ‘डॉक्युमेंट रिटायरमेंट रिक्वेस्ट’ भरावी लागते, ती रेकॉर्ड्स विभागाकडे जाते. ठीक आहे. इंट्रानेटवर शोधून फॉर्म डाउनलोड केला, भरला, पाठवला. सहा दिवसांनी परत आला. शेरा : ‘फॉर्मची आवृत्ती जुनी आहे.’

हे मी रचून सांगत नाहीये. जुने फॉर्म काढून टाकण्यासाठीचा जुना फॉर्म मला आमच्याच सर्चने दिला होता.

नव्या आवृत्तीत एक रकाना वाढला होता : ‘दस्तऐवजाच्या मूळ मालकाची सही’. 2014 च्या पॉलिसीवर ज्यांचं नाव मालक म्हणून होतं ते गृहस्थ केव्हाच निवृत्त झालेले. कागदाला निवृत्त करायला ज्यांची सही हवी ते स्वतःच निवृत्त. मी रकान्यात ‘लागू नाही’ लिहिलं. फॉर्म परत. मग त्यांच्या जागी आलेल्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, ‘मी ही पॉलिसी लिहिलेली नाही, मी कशी सही करू?’ त्यांचंही चूक नव्हतं, पण त्यावेळी मला तसं अजिबात वाटलं नाही. एचआर म्हणालं, पॉलिसी आमची असली तरी फॉर्म अकाउंट्सचा आहे. अकाउंट्स म्हणालं, आम्हाला ती नकोच आहे, पण मालक आम्ही नाही. दरम्यान जुने फॉर्म येत होते आणि परत जात होते.

पाचव्या आठवड्यात रेकॉर्ड्समधल्या मॅडमनी या प्रकरणात लीगललाही घेतलं. लीगलचा प्रश्न एकच : या पॉलिसीखाली दिलेल्या क्लेमवर उद्या काही वाद झाला, ऑडिटमध्ये विचारणा झाली, तर त्या वेळी नियम काय होता हे कुठून दाखवणार? त्यामुळे ठरलेली मुदत संपेपर्यंत डिलीट नाही. मी मेलवर मेल टाकले. उत्तर आलं की ‘विचाराधीन आहे’. शुक्रवारी रेकॉर्ड्सच्या मॅडमना फोन केला तर सोमवारी बघते म्हणाल्या, सोमवारी त्या रजेवर. सहावा, सातवा, आठवा आठवडा. मी फॉलोअपसाठी एक एक्सेल शीट केली, तिच्यात तारखा भरत गेले आणि तिच्याकडे बघून चिडत गेले. एका स्टेटस मीटिंगमध्ये माझ्या कामापुढे लाल खूण आली. होमपेज छान झाल्याचं कोणाच्याही लक्षात राहिलं नव्हतं.

अकराव्या आठवड्यात मी भलत्याच कामासाठी आयटी हेल्पडेस्कवर बसले होते. तिथल्या एका मुलाला, नुकताच लागलेला होता तो, सहज गाऱ्हाणं सांगितलं. त्याने स्क्रीनवरून मान न वळवता विचारलं, ‘मॅडम, तुम्हाला ती पुसायची आहे की दिसायला नको आहे?’

मी गप्प.

मला ती पुसायची नव्हतीच. लीगलने ती शंभर वर्षं जपून ठेवावी, माझी ना नाही. मला ती सर्चमध्ये नको होती, बस. आमचं इंट्रानेट मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटवर आहे. तिथे फाइल्स ‘डॉक्युमेंट लायब्ररी’ नावाच्या कप्प्यांत असतात आणि प्रत्येक लायब्ररीच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये एक पर्याय असतो : या लायब्ररीतल्या गोष्टी सर्चच्या निकालांत येऊ द्यायच्या का? हो की नाही. आम्ही ‘जुने दस्तऐवज’ नावाची लायब्ररी काढली, पर्याय ‘नाही’ केला, तिन्ही प्रती तिच्यात हलवल्या. लायब्ररी पुन्हा इंडेक्स करायला सांगितली, कारण सर्चची यादी आपण बटण दाबल्यादाबल्या बदलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘ट्रॅव्हल क्लेम’ टाकलं. सगळ्यात वर 2022. मी ते पान तीनदा रिफ्रेश केलं, आणि शेजारच्या टेबलावरच्या दोघांना बोलावून दाखवलं.

रेकॉर्ड्सला कळवलं तेव्हा उत्तर आलं, ‘जागा बदलण्यास हरकत नाही, दस्तऐवज सुरक्षित आहे.’ कोणाच्या सहीची गरजच नव्हती. हे पहिल्या दिवशी कोणी सांगितलं नाही याचा राग अजून आहे. पण खरं सांगायचं तर फॉर्मवर ‘डिलीट’ हा शब्द मीच लिहिला होता. तो शब्द वाचून लीगल जागं होणारच, त्यांचं कामच ते. तुमच्याकडे असं काही अडलं तर तोंडून ‘डिलीट’ काढू नका, ‘आर्काइव्ह’ म्हणा. आणि हेही लक्षात ठेवा की सर्चमधून काढलं म्हणजे कुलूप लागलं असं नाही. ज्याच्याकडे जुनी लिंक आणि परवानगी आहे त्याला फाइल उघडतेच. म्हणून आम्ही त्या प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर ‘ही पॉलिसी रद्द झाली आहे’ असं ठळक लिहिलं.

हे करताना एक फजिती झाली ती आत्ता आठवली. सुरुवातीला मी सगळी तपासणी माझ्या लॉगिनने करत होते. सर्च ज्याला जे बघायची परवानगी आहे तेवढंच दाखवतो, आणि मला ॲडमिन म्हणून सगळंच दिसायचं. मी खुशीत, लोक तक्रार करताहेत. सेल्समधल्या एका सहकाऱ्याच्या मागे उभं राहून बघितलं तेव्हा कळलं की रजेचं पान त्याला दिसतच नाही. साध्या माणसाच्या लॉगिनने तपासा. फार माणसंही लागत नाहीत. वेबसाइटच्या वापरसुलभतेवर आयुष्यभर काम केलेल्या याकोब नील्सन यांनी 2000 सालीच लिहून ठेवलंय की पाच जणांना वापरताना बघितलं तरी बहुतेक अडचणी समोर येतात. मला तर तिघांतच पुरे झालं. फक्त त्यांना ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणतात. काम द्या : ‘पुढच्या महिन्यातली रजा टाकून दाखव.’ आणि हाताची घडी घालून बघा. मदत करण्याचा मोह आवरणं हाच सगळ्यात कठीण भाग.

सर्चचा लॉग. हे खरं तर सगळ्यात आधी करायला हवं होतं, मी सगळ्यात शेवटी केलं. लोकांनी काय शोधलं आणि कशाला एकही रिझल्ट आला नाही, याची यादी सिस्टीममध्ये असतेच, फक्त कोणी उघडत नाही. आमच्या यादीत तेच ते मोजके शब्द पुन्हा पुन्हा होते. लोक ‘लीव्ह’ शोधत होते आणि पानाचं नाव होतं ‘ॲब्सेन्स मॅनेजमेंट फ्रेमवर्क’. लोक ‘टॅक्सी बिल’ टाकत होते, पॉलिसीत शब्द होता ‘लोकल कन्व्हेयन्स’. पानांची नावं लोकांच्या शब्दांत बदलली. जिथे विभाग अडून बसला तिथे सर्चच्या सेटिंगमध्ये तो शब्द त्या पानाला बांधून टाकला. तेवढं ॲडमिनला करता येतं आणि त्यासाठी फॉर्म लागत नाही.

मेन्यूचंही तेच. आधी तो विभागांप्रमाणे होता : एचआर, फायनान्स, ॲडमिन. लॅपटॉप बिघडला, कार्ड हरवलं, रजा हवी, हे कोणत्या विभागाचं हे नव्या माणसाला कुठून माहीत असणार? त्याला काम माहीत असतं, खातं नाही. कामांच्या चिठ्ठ्या लिहून दहा-बारा जणांना त्यांच्या मनाप्रमाणे गठ्ठे लावायला सांगितलं आणि तेच गठ्ठे मेन्यूत आले. दोन विभागप्रमुख नाराज झाले. त्यांचे विभाग मेन्यूतून ‘गायब’ झाले म्हणे.

लॉगमध्ये दुसरी मोठी गर्दी होती ती माणसांच्या नावांची. एक्स्टेंशन काय, बसतो कुठे, रिपोर्ट कोणाला करतो. याचं आश्चर्य वाटायला नको होतं. वेबचा जन्म झाला त्या सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेतही हेच झालं होतं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये मांडलेला प्रस्ताव मुळात संस्थेतली माहिती हरवू नये यासाठीच होता. तिथे माणसं साधारण दोन वर्षं राहून जात आणि जाताना माहितीही जाई, असं त्यात लिहिलंय. आणि तिथल्या लोकांना वेबची सवय लावली ती फोन डिरेक्टरीने. मग आम्हीही डिरेक्टरी होमपेजवर सर्चच्या शेजारी आणली. आदल्या वर्षी वाढदिवसांचा कोपरा, फोटो स्पर्धा, ‘आजचा सुविचार’ असं बरंच काही करून बघितलेलं होतं, पण लोक रोज यायला लागले ते या डिरेक्टरीमुळे. फक्त ती एचआरच्या सिस्टीममधून आपोआप भरली गेली पाहिजे. हाताने भरायची ठेवलीत तर नोकरी सोडून गेलेली माणसं तिच्यात वर्षानुवर्षं हजर राहतील.

प्लांटमधल्या ज्या लोकांना कंपनीचा ईमेलच नाही त्यांच्यासाठी मात्र मी काहीच धड करू शकले नाही. शॉप फ्लोअरवर एक सामायिक संगणक ठेवला, पण हातमोजे काढून, रांगेत उभं राहून कोण लॉगिन करणार? ते काम अर्धवट आहे.

एका गोष्टीचा मला अभिमान वाटायचा. अकरा आठवड्यांच्या त्या वैतागानंतर मी नियम करून घेतला की इंट्रानेटवरच्या प्रत्येक पानाखाली एका माणसाचं नाव असेल. विभागाचं नाही, माणसाचं. आणि एक फेरतपासणीची तारीख. तारीख आली की त्या माणसाला मेल जाईल : हे पान अजून बरोबर आहे का? उत्तर आलं नाही तर दर सोमवारी पुन्हा. माणूस कंपनी सोडत असेल तर जाण्याआधी त्याची पानं दुसऱ्याच्या नावावर झालीच पाहिजेत. हे मंजूर करून घ्यायला एकच मीटिंग लागली, कारण माझी ती एक्सेल शीट मी पडद्यावर लावली होती.

गेल्या महिन्यात मला पहिला सोमवारचा मेल आला. 2014 ची ट्रॅव्हल पॉलिसी, तिन्ही प्रती, ‘कृपया तपासा’. मालकाच्या रकान्यात माझं नाव. रेकॉर्ड्सला फोन केला तर मॅडम म्हणाल्या, तुमची रिटायरमेंट रिक्वेस्ट अजून पेंडिंग दिसतेय, आणि मालकाशिवाय ती पुढे सरकत नव्हती, म्हणून अर्जदारालाच मालक केलंय. सही करायची असेल तर फॉर्मची नवी आवृत्ती आली आहे, इंट्रानेटवर मिळेल.