जुनं मोटरहोम घरीच दुरुस्त करताना: आधी कारण, मग सुटा भाग

जुन्या मोटरहोमचं, म्हणजे आत घर बांधलेल्या गाडीचं, इंजिन बिघडलं तर कुठलाही चांगला मेकॅनिक ते उघडून दुरुस्त करू शकतो. पाणी भिंतीत शिरलं तर मात्र गाडीचा सांगाडाच कुजतो, आणि तो बदलायचा म्हणजे अर्धं घर सोलून काढायचं. म्हणून पंधरा-वीस वर्षं जुनी गाडी हातात आली की पडदे, गाद्या, सोलर पॅनेल सगळं बाजूला ठेवा. आधी छत, मग वायरिंग, मग गॅस आणि पाण्याची लाइन. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: दोष दिसतो तिथे क्वचितच असतो. कारण सापडण्याआधी सुटा भाग मागवू नका. नाहीतर पंप नवा येतो, फ्रिजचं बोर्ड नवं येतं आणि बिघाड तसाच राहतो.

छत आणि ओल

गळती सपाट पत्र्यातून किंवा रबरातून फार कमी वेळा होते. ती सांध्यातून होते: छतावरची झरोक्याची खिडकी, अँटेनाचा पाया, शिडीचे पाय, कडेच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, वरचे मार्कर दिवे, चांदणीची (बाहेर ओढायच्या कापडी छपराची) रेल. पाणी तिथून आत शिरतं, लाकडी पट्टीवरून वाहत जातं आणि दोन-तीन मीटर लांब कुठेतरी डाग पडतो. डागाच्या वर सीलंट (फट बुजवणारा लेप) थापून काही होत नाही. डागापासून चढाच्या दिशेने मागे मागे जात पहिला सांधा शोधायचा.

त्यासाठी दोन पिनांचं ओलावामापक घ्या. भिंतीच्या वरच्या कडेने, खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत आणि जमिनीलगत दर ३० सेंटीमीटरवर आकडा घेऊन कागदावर नकाशा काढा. १५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. १५ ते २० म्हणजे लक्ष ठेवा. २५ च्या वर गेला तर आतलं लाकूड मऊ व्हायला लागलं असं धरून चाला. एकट्या आकड्यापेक्षा शेजारच्या आकड्यांशी तुलना जास्त सांगून जाते, कारण प्लायवूड आणि त्यावरचा कागद बदलला की आकडा बदलतो. पाठीमागे ॲल्युमिनियमचा सांगाडा असेल तर मापक खोटंही बोलतं.

छत उघडण्याआधी ते कशाचं आहे ते ओळखा. ईपीडीएम रबर असेल तर झरोक्याच्या आतल्या कडेला कापलेली धार बघा: वरचा थर पांढरा, खालचा काळा दिसतो. शिवाय काळं फडकं घासलं तर खडूसारखी पांढरी भुकटी लागते. या रबरावर पेट्रोल, थिनर किंवा कुठलंही पेट्रोलियमचं द्रावण लावू नका, रबर फुगतं आणि त्यावर फोड येतात. साबण-पाण्याने धुवा आणि सांध्यापुरतं आयसोप्रोपाइल अल्कोहोल वापरा.

सिलिकॉन मोटरहोमच्या बाहेरच्या अंगाला लावूच नये असं माझं ठाम मत आहे. ईपीडीएमला ते नीट चिकटत नाही, आणि एकदा लावलं की पुढे त्यावर दुसरं काहीच धरत नाही. ज्या सांध्यावर आधीच्या मालकाने सिलिकॉन फासलंय तिथला शेवटचा पापुद्राही खरवडून काढावा लागतो. कंटाळा करून वर नवीन थर दिला तर तो एका मोसमात सुटतो.

झरोका पुन्हा बसवण्याची रीत अशी. जुनं सीलंट प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढा. घट्ट असेल तर हीटगन अगदी कमी उष्णतेवर फिरवा, रबर वितळेपर्यंत नाही. सगळे स्क्रू काढा, चौकट उचला, दोन्ही पृष्ठभाग अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडे होऊ द्या. चौकटीच्या खालच्या बाजूला २० मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड ब्यूटाइल टेप (मऊ राहणारी चिकट रबरी पट्टी) सलग चिकटवा. टेप ताणायची नाही, कोपऱ्यात वळवताना चिरा पडू द्यायच्या नाहीत, आणि जोड पुढच्या बाजूला ठेवायचा नाही, कारण गाडी धावताना पावसाचा मारा तिथेच बसतो. स्क्रू हाताने आवळा, समोरासमोरचे जोड धरून थोडे थोडे. चारही बाजूंनी ब्यूटाइल सारखं बाहेर यायला हवं. ड्रिल मशीनने एका दमात आवळलं तर प्लॅस्टिकची चौकट वाकते आणि दोन स्क्रूंच्या मध्ये फट राहते. ब्यूटाइल हळूहळू दबतं, म्हणून एक दिवस ऊन खाऊ द्या आणि पुन्हा आवळा. बाहेर आलेलं प्लॅस्टिकच्या पात्याने कापा आणि मग चौकटीच्या कडेवर व प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर आपोआप पसरणारं लॅप सीलंट द्या. हे सीलंट फक्त सपाट भागावर वापरायचं. उतारावर किंवा उभ्या कडेला ते ओघळून जातं, तिथे न ओघळणारं घ्या.

स्क्रू नुसताच फिरत राहिला तर दोन शक्यता असतात. लाकूड टणक असून भोक मोठं झालं असेल, तर ४.२ मिलिमीटरच्या जागी ४.८ चा स्टेनलेस स्क्रू पकडतो. लाकूड कुजलं असेल, तर जाड स्क्रू चार दिवस पकडेल आणि सांधा पुन्हा उघडेल. टोकदार आरी (टोचणी) टोचून बघा. ती सहज आत गेली तर लाकूडच बदलावं लागणार.

ब्यूटाइल की पॉलियुरेथेन (घट्ट होऊन पक्कं चिकटणारं सीलंट), हा प्रश्न नेहमी येतो. जे पुढेमागे काढावं लागणार आहे, म्हणजे खिडकी, पट्टी, दिवा, झरोका, ते ब्यूटाइलवर बसवा. जे कायमचं चिकटवायचं, म्हणजे बाहेरचा पत्रा किंवा सोलरचे ब्रॅकेट, तिथे पॉलियुरेथेन. पण ॲक्रिलिक खिडक्या, एबीएस आणि पॉलिकार्बोनेट यांच्यावर काही सीलंटमुळे बारीक तडे जातात. नळीवर त्या प्लॅस्टिकचं नाव घेऊन परवानगी दिलेली असेल तरच लावा.

कुजलेल्या भागाचं काम घाईने करू नये. आतला प्लाय काढून, आरी आत जात नाही तिथपर्यंत लाकूड कापायचं. मग हीटर आणि पंखा लावून उरलेलं लाकूड १५ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत वाळवायचं. याला आठवडेही लागतात. ओलं लाकूड आत बंद केलं तर नव्या पट्टीसकट सगळं पुन्हा कुजतं. नवी पट्टी जुन्याच जाडीची हवी, एक मिलिमीटर जास्त झाली तरी बाहेरच्या पत्र्यावर फुगवटा दिसतो. जोड तिरका कापा, लांबी जाडीच्या आठपट तरी ठेवा. लाकूड घट्ट करणारं पातळ इपॉक्सी छोट्या मऊ कोपऱ्यापुरतं चांगलं, भार घेणाऱ्या पट्टीला ते पर्याय नाही.

बारा व्होल्टचं दुखणं

दिवे मंद, पंप धापा टाकतो, फ्रिजवर चूक दाखवणारा दिवा. बहुतेक वेळा मूळ एकच असतं: गंजलेलं अर्थिंग किंवा बारीक वायर. नुसता व्होल्ट मोजून काही कळत नाही, कारण करंट वाहत नसताना गंजलेला सांधाही पूर्ण व्होल्ट दाखवतो. उपकरण चालू ठेवून मोजा. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरी उपकरणाच्या निगेटिव्ह वायरवर. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर परतीच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे. तसंच पॉझिटिव्ह बाजूला करा. मग वाटेतला एकेक सांधा मोजत गेलं की दोषी बोल्ट आपोआप सापडतो. तो काढा, चेसिसचा पत्रा कानसीने चकचकीत करा, नवी लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) लावा आणि आवळल्यावर वरून ग्रीस किंवा रंग द्या.

वायरच्या जाडीचं गणित सोपं आहे. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर वायरला दर मीटरला ०.०१७ ओहम रोध असतो. पंप ७ अँपिअर घेतो आणि बॅटरी ८ मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन १६ मीटर. १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये जवळपास १.३ व्होल्ट वाटेतच जातात. तीच वायर ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर अर्ध्या व्होल्टच्या आत. बॅटरीपासून निघालेल्या प्रत्येक वायरला बॅटरीजवळच फ्यूज हवा, आणि तो वायरच्या क्षमतेचा असावा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा टाकणं म्हणजे भिंतीत आग लावायची तयारी.

शिशाची बॅटरी काही तास शांत ठेवून मोजली की १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.१ च्या आसपास निम्मी. पाण्याची बॅटरी सतत कोरडी पडत असेल तर तिला दोष देण्याआधी जुना कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेवर बॅटरी चार्ज करणारं यंत्र) तपासा. एकाच टप्प्यात चार्ज करणारे जुने कन्व्हर्टर दिवसरात्र १३.८ व्होल्ट देत राहतात, गाडी महिनोन्‌महिने प्लगला लावून ठेवली की बॅटरी उकळत राहते. तीन-चार टप्प्यांचा चार्जर बसवला तर नवी बॅटरी टिकते. लिथियम घालणार असाल तर ऑल्टरनेटर थेट जोडू नका. ती इतका करंट ओढते की ऑल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये करंट आटोक्यात ठेवणारा डीसी-डीसी चार्जर लागतोच.

पाण्याची लाइन

नळ बंद असताना पंप अधूनमधून टक-टक करत असेल तर पंपाचं आउटलेट काढून तिथे टोपी लावा. तरीही टक-टक चालू राहिली तर पंपातलीच झडप खराब आहे आणि तिचं किट मिळतं, अख्खा पंप बदलायची गरज नाही. थांबली तर गळती पुढे आहे, आणि त्यात पहिला संशयित टॉयलेटचा पाण्याचा व्हॉल्व्ह. पंप चालतो पण पाणी ओढत नाही तेव्हा गाळणीचं झाकण आणि त्याचं रबर आधी बघा. तिथून हवा शिरते, पाणी बाहेर येत नाही, म्हणून गळती दिसतही नाही.

उत्तर अमेरिकी बनावटीच्या १९९५ पर्यंतच्या गाड्यांत राखाडी पॉलिब्यूटिलीनचे पाइप सापडतात. त्यांचे प्लॅस्टिकचे जोड ठिसूळ होतात. एक गळला की बाकीचेही रांगेत असतात, तेव्हा सगळी लाइन पेक्सची (लवचीक प्लॅस्टिक पाइपची) करून टाका. मापात मात्र फसू नका: अमेरिकी अर्ध्या इंचाच्या पेक्सचा बाहेरचा व्यास १५.९ मिलिमीटर असतो, युरोपी पाइप १२ किंवा १५ मिलिमीटरचा. १५ च्या पुश-फिट (नुसता पाइप ढकलून बसवायच्या) जोडात १५.९ चा पाइप ठोकून बसवू नका.

गीझरची टाकी स्टीलची असेल तर तिच्यात मॅग्नेशियमचा ॲनोड असतो. टाकीऐवजी तो झिजतो. वर्षातून एकदा काढून बघा, पाव भाग उरला की बदला. काढण्याआधी गीझर बंद करा, पाणी गार होऊ द्या, पाण्याचा पुरवठा तोडा आणि गरम नळ उघडून दाब सोडा. नवा बसवताना आट्यांवर पीटीएफई टेप (नळाच्या कामाची पांढरी पट्टी) द्या. ॲल्युमिनियमच्या टाकीला ॲनोड लागत नाही. टाकी रिकामी असताना विजेचा एलिमेंट चालू झाला तर तो लगेच जळतो.

फ्रिज आणि गॅस

गॅस आणि विजेवर चालणाऱ्या ॲब्सॉर्प्शन फ्रिजच्या मागे पिवळी भुकटी दिसली किंवा अमोनियाचा वास आला तर कूलिंग युनिट फुटलंय. तो फ्रिज बंद करा, बोर्ड बदलण्यात पैसे घालू नका. भुकटी सोडियम क्रोमेटची असते, ती विषारी आहे, हात लावू नका. भुकटी नसेल तर तापवणाऱ्या एलिमेंटचा रोध मोजा: तो व्होल्टचा वर्ग भागिले वॅट इतका यायला हवा. २३० व्होल्ट, १७५ वॅटचा एलिमेंट साधारण ३०० ओहम दाखवायला हवा. १२० व्होल्ट, ३२५ वॅटचा सुमारे ४४. एलिमेंट ठीक आणि तरी गारवा नाही, तर गाडी सपाट उभी आहे का बघा. आडव्या दिशेने ३ अंशांपेक्षा जास्त कल यातल्या बऱ्याच फ्रिजना चालत नाही. बर्नरचं जेट अल्कोहोलमध्ये भिजवून साफ करा. तारेने टोचलं तर भोक मोठं होतं आणि ज्योत काजळी धरते.

गॅसचे जोड स्वतः उघडू नका, ते परवानाधारकाचं काम. नळीवरची तारीख वाचणं, साबणाच्या फेसाने गळती बघणं, गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची मुदत तपासणं मात्र आपल्याच हातात आहे. उपकरणाच्या माहितीच्या पट्टीवर छापलेला दाब आणि रेग्युलेटरचा दाब जुळलाच पाहिजे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून तो बाहेर जावा यासाठी गाडीच्या जमिनीत ठेवलेली भोकं थंडी येते म्हणून बुजवू नका.

सुटा भाग ओळखायचा कसा

मोटरहोम म्हणजे दोन वेगळ्या कंपन्यांची दोन यंत्रं. चेसिसचे भाग चेसिस नंबरवरून मागवा, नोंदणीच्या वर्षावरून नाही, कारण चेसिस बऱ्याचदा घर बांधण्याच्या वर्षभर आधी तयार झालेली असते, आणि मधेच ब्रेक डिस्कचं माप बदललेलं असू शकतं. घराच्या उपकरणांची ओळख त्यांच्या स्वतःच्या पट्टीवर असते. फ्रिजची दाराच्या आत, गीझरची बाहेरच्या झाकणामागे. मॉडेल, प्रॉडक्ट नंबर आणि सीरियल तिन्हीचा फोटो घ्या. घर बांधणारी कंपनी बंद पडली असली तरी दिवे, कुलपं, बिजागऱ्या तिने स्वतः केलेल्या नसतात. मागचे दिवे पुष्कळदा एखाद्या व्हॅनचे किंवा ट्रेलरचेच निघतात, काचेवर उमटवलेला नंबर शोधला की मूळ भाग सापडतो.

खिडकीचं रबर मागवताना नुसती लांबी सांगून उपयोग नाही. ५ सेंटीमीटरचा तुकडा कापा, कापलेली बाजू कागदावर ठेवून आकार रेखाटा आणि पत्र्याची जाडी, काचेची जाडी व खाचेची खोली कॅलिपरने मोजून शेजारी लिहा. जुनं रबर आकसलेलं असतं, म्हणून त्याची लांबी मोजू नका, चौकटीचा घेर मोजा. त्यावर दोन-तीन टक्के जास्त घ्या, आणि बसवताना ताणू नका.