तुम्ही विचारलंत म्हणून: या झाडांना खत का घालत नाही?

माझ्याकडची ड्रॉसेराची, म्हणजे पानांवर कीटक पकडणाऱ्या रोपाची, कुंडी पाहिली की लोक आधी पानांवरच्या चकाकत्या थेंबांचं कौतुक करतात आणि मग हमखास विचारतात, "खत कुठलं घालता?" कुठलंच नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, "पाणी तरी साधंच ना?" तेही नाही. पावसाचं, नाहीतर डिस्टिल्ड.

माझं पहिलं रोप मी नळाच्या पाण्यानं आणि चिमूटभर खतानं मारलं. थेंब आटले, पानांच्या कडा काळ्या पडल्या, आणि मला वाटलं पाणी कमी पडतंय. म्हणून आणखी पाणी घातलं. ते रोप कुठून आलंय हे तेव्हा मी समजूनच घेतलं नव्हतं.

ते आलंय उत्तर गोलार्धातल्या थंड, ओल्या प्रदेशांतल्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजून साचलेल्या वनस्पतींच्या, दलदलीतून. आयर्लंड, स्कॉटलंड, फिनलंड, कॅनडा इथे अशा दलदली मैलोगणती पसरलेल्या आहेत. अशा दलदलीला बॉग म्हणतात, आणि अस्सल बॉगचं पोषण फक्त आभाळातून होतं. साचलेल्या पीटच्या थरामुळे त्याचा पृष्ठभाग इतका उंचावलेला असतो की खडकांतून क्षार घेऊन येणारं भूजल तिथवर पोहोचतच नाही. पावसाच्या पाण्यात चुना जवळजवळ नसतो. नत्र, स्फुरद, पालाश नावापुरतं.

पण नुसत्या पावसानं बॉग होत नाही. तो घडवतं स्फॅग्नम मॉस. मूठभर ओलं स्फॅग्नम पिळून पाहा, स्पंजासारखं पाणी गळतं. त्याच्या पानांत मोठमोठ्या मेलेल्या, पोकळ पेशी असतात, आणि त्यांच्या जोरावर ते स्वतःच्या कोरड्या वजनाच्या पंधरा-वीसपट पाणी सहज धरून ठेवतं. खरी करामत मात्र पेशीभित्तिकेत आहे. तिथले आम्लगट पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम पकडून ठेवतात आणि बदल्यात हायड्रोजन आयन सोडतात. मी एकदा स्वच्छ धुतलेलं मॉस किंचित मीठ घातलेल्या डिस्टिल्ड पाण्यात बुडवलं आणि थोड्या वेळानं सामू मोजायची पट्टी त्यात धरली. पट्टीचा रंग आम्लाच्या बाजूला सरकला होता. मिठातलं सोडियम मॉसनं धरलं होतं आणि आम्ल पाण्यात सोडलं होतं. बॉगमध्ये हेच चालतं, म्हणून तिथला सामू साधारण साडेतीन ते साडेचार असतो. सामू 7 चं उदासीन पाणी आणि सामू 4 चं हे पाणी यांच्या आम्लतेत हजारपट फरक आहे.

म्हणजे तिथली उपासमार बरीचशी मॉसनंच लादलेली आहे. ते स्वतः अत्यल्प अन्नावर भागवतं आणि बाकीच्यांसाठी फारसं काही उरू देत नाही.

त्यात पाणी भरलेलं असल्यानं मुळांशी प्राणवायू नाही. प्राणवायू नाही आणि आम्ल जास्त, म्हणून मेलेलं नीट कुजत नाही. कुजत नाही म्हणून त्यातलं नत्र सुटत नाही. ते पीटमध्ये भरपूर असतं, पण कुलूपबंद. बॉगमधलं ब्लॅक स्प्रूसचं मनगटाएवढ्या खोडाचं झाड शंभरी ओलांडलेलं असू शकतं. पाणी मुबलक आणि झाड खुरटं, हे कोडं असं सुटतं.

जी झाडं टिकली, त्यांनी आपापली वाट काढली. हेदर आणि क्रॅनबेरीच्या केसासारख्या मुळांत बुरशी राहते. ती पीटमधलं सेंद्रिय नत्र फोडून झाडाला देते. कॉटनग्रासच्या मुळांपर्यंत हवेच्या पोकळ्या जातात, आणि पान वाळायच्या आधी त्यातलं स्फुरद ते परत ओढून घेतं. ड्रॉसेरानं नत्र उडत्या कीटकांकडून मिळवलं. डार्विननं 1875 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्याच्या पानांवर साखरेचं पाणी टाकलं, तेव्हा ती हलली नाहीत. दूध, मांसाचा अर्क असं नत्रयुक्त काही टाकलं की वळली.

एवढ्याशा अन्नावर जुळवून घेतलेल्या मुळांना नळाच्या पाण्यातला चुना आणि खतातले क्षार झेपत नाहीत. दलदलीतही तेच घडतं. शेतांमधून आणि धुरातून येणारं जादा नत्र पावसाबरोबर बॉगवर पडतं, तेव्हा गवतं आणि बर्च माजतात आणि मॉस मागे हटतं. बॉगला भरभराटीचं खत घालणं म्हणजे बॉग मोडणं, असं मी अगदी स्पष्ट म्हणेन.

कुंडीसाठी पीटही मी आता आणत नाही. तो वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर साचतो. हातभर खणलं की काही शतकं निघतात. त्याऐवजी जिवंत स्फॅग्नमच वाढवतो. शेंडे खुडून ओल्या तबकात पसरले की पुन्हा फुटतात. मॉस वर चढतं, म्हणून ड्रॉसेरालाही दरवर्षी नवा पर्णगुच्छ वरच्या पातळीवर काढावा लागतो. परवा मॉस बोटांनी अलगद बाजूला केलं, तर हिरव्या गुच्छाखाली गेल्या वर्षीचा काळा गुच्छ होता आणि त्याखाली त्याच्या आधीच्या वर्षीचा. पानांचे देठ अजून मोजता येत होते.