सिमेंटच्या आत कुजलेली तुळई

मागच्या वर्षी जूनच्या सुरुवातीला वाईजवळच्या एका जुन्या दगडी वाड्यातून फोन आला, मॅडम भिंतीला ओल येतेय, पावसाच्या आधी बघून जा. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचंच काम करते मी, त्यामुळे ओल म्हटलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला, सिमेंट कधी मारलं? तर म्हणाले दहाएक वर्षं झाली, माजघराची भिंत आतून-बाहेरून गुळगुळीत करून घेतली.

अडीच फूट जाडीची भिंत. दोन्ही अंगांना काळा घडीव दगड, मधे खडी-मातीची भर, दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, चुन्याच्या. अशी भिंत जमिनीतली ओल शोषते आणि चुन्यातून बाहेर सोडते, तिचा श्वासच आहे तो. सिमेंटने तो कोंडला की पाणी वर वर चढत जातं.

आमचे गवंडी, सगळे त्यांना तात्याच म्हणतात, हातोडीच्या दांड्याने ठोकत ठोकत चालले होते, ठक ठक ठक आणि माडीच्या तुळईखाली एकदम भद्द. तात्या थांबले. मला म्हणाले, "ताई, वर कोण झोपतं?" आजी झोपायच्या, वय ८४.

तिथलं प्लास्टर काढलं तर आत ओला गाळ, आणि सागवानी तुळईचं भिंतीतलं टोक, मी स्क्रू ड्रायव्हर लावला तर मुठीपर्यंत आत गेला, लोण्यात जावा तसा. बाहेरून तीच तुळई तेल लावलेली, झकास. माझे हात गार पडले. आपण दगडी वाडा म्हणतो खरं, पण माडी पेलतं ते लाकूडच. १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याचं लाकूडकाम गेलं आणि वरचे मजलेही गेले, राहिली ती जोती आणि तटबंदी.

तासाभरात आजींना खाली ओसरीवर आणलं, जॅक लावले, तुळईला टेकू दिला. आजी एकच विचारत होत्या, "माझा कोनाडा फोडणार नाही ना गं?" काजळीने काळा झालेला तो दिव्याचा कोनाडा, तीन अंगांना एकेक सलग दगड, सांध्यात नख शिरत नव्हतं. म्हटलं आजी, हात पण लावणार नाही.

पावसाळाभर भिंत उघडीच ठेवली, वर फक्त पत्र्याची पडवी उभारली. तात्यांनी अंगणात खड्डा करून कळीचा चुना भिजत घातला, त्यात घालायला गूळ आणि हिरड्याचं पाणी वेगळं. दिवाळीनंतर दरजा भरल्या, तुळईचं कुजलेलं टोक कापून जुन्या सागाचा तुकडा जोडला. आजी परत माडीवर गेल्यात.